साकवाची दोन्ही टोकं: कोकणातून ट्रान्सलेशनल बायोइन्फर्मॅटिक्सकडे

जव्हार-मोखाड्याकडच्या आरोग्य केंद्रात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतात. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये द्रावण गढूळ झालं की नमुना एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीला जातो आणि माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, ते तिथे कळतं. या सगळ्याच्या मुळाशी एका जनुकातलं एक अक्षर असतं. ते अक्षर जीनोमच्या, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या, ३१० कोटी अक्षरांत नेमकं कुठे आहे, मशीनने ते नीट वाचलं का आणि त्याचा अर्थ डॉक्टरांना कोणत्या शब्दांत सांगायचा, या तीन प्रश्नांत ट्रान्सलेशनल बायोइन्फर्मॅटिक्सचं बहुतेक काम येतं. दवाखान्यातला प्रश्न उचलायचा, डेटापर्यंत न्यायचा आणि उत्तर घेऊन पुन्हा दवाखान्यात यायचं.

ओढ्यावरचा साकव एकाच काठावर पक्का रोवलेला असेल तर पहिल्या पावसात जातो. या क्षेत्रात शिरणाऱ्या मुलांचंही तसंच होतं. जीवशास्त्रवाल्यांना कोड लिहिता येत नाही म्हणून ते अडतात, आयटीवाल्यांना आपण काय मोजतोय तेच कळत नाही म्हणून ते अडतात. बायोडेटात वीस टूल्सची नावं लिहिण्यापेक्षा एकच प्रश्न पहिल्या काठापासून शेवटच्या काठापर्यंत नेता आला पाहिजे. म्हणून इथे पुढे सिकलसेलचंच उदाहरण धरून चाललो आहोत. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट हवी: सिकलसेलच्या रोजच्या निदानाला सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं मशीनने वाचणं, लागत नाही, वरच्या दोन तपासण्या पुरतात आणि स्वस्तही पडतात. सिक्वेन्सिंग कधी करू नये हे सांगता येणं हा याच कामाचा भाग आहे.

तुम्ही कोणत्या काठावर आहात

बीएस्सी, बीफार्म, बीएएमएस, एमबीबीएस असं काही केलं असेल तर सुरुवात पायथॉनपासून करू नका, लिनक्सच्या कमांड लाइनपासून करा. रोज दीड तास दिला तर साधारण दीड महिन्यात फाइल उघडणं, गाळणं, मोजणं, एका टूलचं उत्तर दुसऱ्या टूलकडे देणं हे हातात बसतं. या क्षेत्रातली बहुतेक टूल्स कमांड लाइनवरच चालतात. त्यानंतर पायथॉन किंवा आर, दोन्हींपैकी एकच. जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे आरएनएचं मोजमाप, यात रस असेल तर आर. जीनोममधले फरक शोधायचे असतील तर पायथॉन. भाषेचे प्राथमिक प्रश्न सोडवायला रोझलिंड हे मोफत संकेतस्थळ उत्तम आहे, कारण त्यातली बहुतेक कोडी जीवशास्त्राची आहेत.

संख्याशास्त्र टाळू नका. माणसात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. प्रत्येकावर ०.०५ ची मर्यादा लावून चाचणी घेतली तर काहीही खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने सुमारे १,००० जनुकं ‘महत्त्वाची’ म्हणून समोर येतील. एकाच वेळी अनेक चाचण्या केल्यावर करायची दुरुस्ती ज्याला समजत नाही, तो ही १,००० नावं घेऊन डॉक्टरांकडे जातो, आणि पुन्हा त्याला कोणी बोलावत नाही.

आयटीच्या काठावरून येणाऱ्यांना वाटतं की डीएनए म्हणजे चार अक्षरांचा मजकूर, बाकी सगळं आपल्याला येतं. तिथेच घसरायला होतं. डीएनएला दोन पट्ट्या असतात आणि जनुक त्यातल्या कुठल्याही पट्टीवर असू शकतं. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. सिकलसेलमध्ये एका प्रतीत बदल असेल तर माणूस वाहक, दोन्हींत असेल तर रुग्ण. कोडॉन, एक्झॉन, इन्ट्रॉन, स्प्लायसिंग आणि आनुवंशिकतेचे प्रकार एवढं तरी बारावीच्या पुस्तकापासून पुन्हा नीट वाचा. मग जवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये परवानगी घेऊन चार दिवस बसा आणि रिपोर्ट कसा लिहितात, डॉक्टर त्यातली कुठली ओळ आधी वाचतात, ते बघा. हे कुठल्याही ऑनलाइन कोर्समध्ये मिळत नाही.

लॅपटॉप, नेट आणि पावसाळा

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप पुरतो. ८ जीबीवरही शिकता येतं, पण पूर्ण मानवी जीनोमवर बीडब्ल्यूए (वाचलेले तुकडे जीनोमवर त्यांच्या जागी बसवणारं टूल) चालवताना दम लागतो, कारण त्याच्या इंडेक्सलाच ५-६ जीबी जातात. आरएनएसाठीचं स्टार हे टूल तर मानवी जीनोमला सुमारे ३० जीबी रॅम मागतं. ते घरी चालवायचा हट्ट धरू नका. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ घेऊन लिनक्स चालवता येतं, फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, ते मूळ सेटिंगमध्ये लॅपटॉपची निम्मीच रॅम घेतं, त्यामुळे टूल मध्येच नुसतं ‘किल्ड’ लिहून बंद पडतं आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये ही मर्यादा वाढवा. दोन, डेटा सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून वाचू नका, काम फार रखडतं. तो लिनक्सच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

एका माणसाचा पूर्ण जीनोम ३० पट खोलीने, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा, वाचला तर कच्च्या फाइली दाबूनही १०० जीबीच्या आसपास जाऊ शकतात. राजापूर-देवगडच्या नेटवर ते उतरवत बसण्यात अर्थ नाही. गॅलक्सी या मोफत सर्व्हरवर खातं उघडा आणि सार्वजनिक नमुन्याचा क्रमांक देऊन डेटा तिथल्या तिथे मागवा. तो तुमच्या घरच्या नेटवरून येतच नाही, तुमच्या पडद्यावर फक्त बटणं आणि निकाल. स्वतःकडे जे उतरवायचं ते रात्री लावा, तुटल्यास तिथूनच पुढे सुरू होईल असा पर्याय वापरून. आणि उतरल्यावर एमडी५ची बेरीज (फाइल पूर्ण आहे का हे ओळखायचा आकडा) मूळ आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेली दाबलेली फाइल कधीकधी तक्रार न करता उघडते आणि निम्मेच रीड, म्हणजे मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे, देते.

जून ते सप्टेंबर वीज जाणारच. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, म्हणून छोटा यूपीएस राउटरला लावा. दूरच्या सर्व्हरवर काम करताना ते टीमक्समध्ये सुरू करा. तुमचं नेट गेलं तरी तिकडे काम चालू राहतं. पाइपलाइन, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेकमध्ये लिहिण्याचा मोठा फायदा इथेच दिसतो: सात पायऱ्यांपैकी पाचवीला काम तुटलं तर पहिल्या चार पुन्हा कराव्या लागत नाहीत.

पहिला प्रकल्प: एक अक्षर शोधा

जगभरच्या लोकांचे जीनोम वाचणाऱ्या १००० जीनोम्स प्रकल्पाचा डेटा सार्वजनिक आहे. त्यातले ३० पट खोलीने वाचलेले नमुने घ्या; आधीच्या टप्प्यातले उथळ वाचन असलेले नमुने या कामाला नकोत. नायजेरियातल्या योरुबा गटात सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत, म्हणून त्या गटातले २०-२५ नमुने निवडा.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं एचबीबी जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. हे गुणसूत्र साडेतेरा कोटी अक्षरांचं आहे, पण ते सगळं लागत नाही. सॅमटूल्स या टूलला दूरच्या फाइलचा पत्ता आणि नेमका भाग दिला तर ते तेवढाच तुकडा आणतं. बदलाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच हजार अक्षरं घ्या. हे नमुने क्रॅम या दाबलेल्या स्वरूपात आहेत आणि क्रॅम उलगडायला ज्या संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण जीनोमवर, ते बनवलं तोच लागतो, हे विसरलात तर पहिल्याच पायरीवर अडाल.

जागा कोणती? जीआरसीएच३८ या संदर्भ आवृत्तीत ५२,२७,००२. जीआरसीएच३७ या जुन्या आवृत्तीत तीच जागा ५२,४८,२३२. दोन्हींत २१,२३० अक्षरांचं अंतर आहे. नव्या आवृत्तीच्या फाइलमध्ये जुना आकडा टाकला तर कुठलीही चूक दाखवली जात नाही. भलत्याच जागेवरचं अक्षर समोर येतं आणि सगळे नमुने निरोगी ठरतात. ही जुनी आवृत्ती २००९ ची आणि नवी २०१३ ची, तरी दोन्ही अजून वापरात आहेत. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावातच आवृत्ती लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता बीसीएफटूल्सने किंवा जीएटीकेच्या हॅप्लोटाइपकॉलरने संदर्भ जीनोमशी असलेले फरक काढा. पुस्तकात तुम्ही ए चा टी होतो असं वाचलेलं असतं, आणि निघालेल्या व्हीसीएफ फाइलमध्ये टी चा ए झालेला दिसतो. घाबरू नका. एचबीबी उलट्या पट्टीवर आहे आणि फाइल नेहमी सरळ पट्टीवरची अक्षरं लिहिते. दुसरा गोंधळ आकड्याचा: जुन्या पुस्तकांत बदल प्रथिनाच्या ६ व्या जागी, आजच्या नोंदीत ७ व्या जागी, ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी व्हॅलिन. सुरुवातीचं मेथिओनिन पूर्वी मोजत नसत, आता मोजतात. बदल एकच आहे. व्हीईपी या फरकाचा परिणाम सांगणाऱ्या टूलमध्ये हा फरक टाकून दोन्ही गोष्टी स्वतः पडताळून बघा.

यानंतर जे बहुतेक जण गाळतात ते करा: आयजीव्ही हा रीड पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ती जागा डोळ्यांनी बघा. वाहकाच्या नमुन्यात त्या जागेवर ३० रीड असतील तर साधारण १० ते २० रीडवर बदललेलं अक्षर दिसायला हवं. तीनच रीडवर दिसलं तर संशय घ्या. दूषित नमुना, चुकून तिथे बसलेले रीड किंवा मशीनची चूक, काहीही असू शकतं. शेजारीच एचबीडी नावाचं जनुक आहे, एचबीबीशी पुष्कळ जुळणारं. एकाचे रीड दुसऱ्यावर बसू शकतात, म्हणून रीड त्या जागी किती खात्रीने बसले आहेत तो आकडाही तपासा. अक्षराच्या वाचनाचा दर्जा वेगळा मोजतात: क्यू ३० म्हणजे हजारात एक चूक, क्यू २० म्हणजे शंभरात एक.

शेवटची पायरी म्हणजे एक पानी रिपोर्ट. नमुना क्रमांक, संदर्भ आवृत्ती, त्या जागेवरची खोली, किती रीडवर बदल, निष्कर्ष आणि या पद्धतीने काय दिसत नाही ते. हे शेवटचं वाक्य लिहिता यावं म्हणूनच इतका खटाटोप. उदाहरणार्थ, सिकलसेलच्या रुग्णात अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक विकारही असेल तर आजाराची तीव्रता बदलू शकते. भारतात त्याचं नेहमी आढळणारं कारण म्हणजे ३.७ हजार अक्षरांचा एक तुकडाच गळालेला असणं. अल्फाची दोन जनुकं एकमेकांसारखी असल्याने आखूड रीडच्या आणि एकेक अक्षराचे फरक शोधणाऱ्या या पाइपलाइनला ते दिसणार नाही. ‘अल्फा थॅलेसेमिया तपासलेला नाही’ असं लिहिलं नाही, तर वाचणारा तो नाही असंच धरून चालतो. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘त्या जागेवर पुरेसं वाचनच झालं नाही’ ही दोन वाक्यंही वेगवेगळी आहेत, आणि रुग्णाच्या दृष्टीने यांच्यातलं अंतर फार मोठं आहे.

चुका, ज्या आवाज करत नाहीत

प्रोग्रॅम बंद पडला तर बरं, निदान कळतं तरी. खरा धोका उत्तर देऊन मोकळ्या होणाऱ्या चुकांचा. एका फाइलमध्ये गुणसूत्राचं नाव नुसतं ११ आणि दुसरीत त्याआधी ‘सीएचआर’ असेल तर दोन्हींची जुळणी शून्य येते आणि टूल शांतपणे रिकामी फाइल देतं. बेड फाइल, म्हणजे जीनोममधल्या जागांची यादी, शून्यापासून मोजते आणि व्हीसीएफ एकापासून, म्हणून वरची जागा बेडमध्ये ५२,२७,००१ ते ५२,२७,००२ अशी लिहावी लागते. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजचं न दिसणारं चिन्ह बसतं आणि लिनक्सवर फाइलचं नाव सापडत नाही.

एक्सेलने जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकल्या, आणि तशा खराब याद्या शोधनिबंधांसोबत छापूनही आल्या. सेप्ट २, मार्च १ ही जनुकांची नावं होती. २०२० पर्यंत नामकरण समितीने ती बदलून सेप्टिन २, मार्चएफ १ केली. जुन्या डेटात जुनी नावं आहेतच, तेव्हा जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडायचीच असेल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा.

आरएनएच्या डेटात बॅचची, म्हणजे एकत्र तयार केलेल्या नमुन्यांच्या गटाची, भानगड सगळ्यांत महाग पडते. सगळे रुग्णांचे नमुने सोमवारी आणि सगळे निरोगी नमुने गुरुवारी तयार केले, तर नंतर दिसणारा फरक आजाराचा की वाराचा, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. दुरुस्ती प्रयोगाआधीच करावी लागते: प्रत्येक दिवशी दोन्ही प्रकारचे नमुने मिसळून घ्यायचे. लॅबवाल्यांना हे वेळेत सांगणारा माणूस म्हणजे तुम्ही.

अर्थ लावताना

सापडलेल्या फरकाला एसीएमजी या अमेरिकी वैद्यकीय आनुवंशिकी संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाचपैकी एका वर्गात बसवतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ‘अर्थ अनिश्चित’ आलं तर त्याच्या आधारावर शस्त्रक्रिया किंवा गर्भाविषयीचे निर्णय घ्यायचे नसतात, आणि रिपोर्टमध्ये ते ठळक लिहायचं. क्लिनव्हार (फरकांच्या अर्थाच्या नोंदी) आणि नोमॅड (कोणता फरक किती लोकांत आढळतो ते) हे दोन सार्वजनिक साठे रोज उघडावे लागतील.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक अडचण मोठी आहे. १००० जीनोम्स प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: गुजराती, पंजाबी, बंगाली, तेलुगू आणि श्रीलंकेचे तमिळ. मराठी गट नाही. जगात दुर्मीळ दिसणारा फरक आपल्याकडे नेहमीचा असू शकतो. एमवायबीपीसी३ या हृदयस्नायूच्या जनुकातला २५ अक्षरांचा लोप दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत सापडतो, आणि त्याच्या जोखमीचा अंदाज पुढच्या संशोधनाने बदलत गेला. म्हणून भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या प्रकल्पांचा, इंडिजेनचा १,०२९ जणांचा आणि जीनोमइंडियाचा सुमारे १०,००० जणांचा डेटा मोलाचा आहे. जीनोमइंडियाचा डेटा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे; तो जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, अर्थात रीतसर अर्ज करून.

रुग्णांच्या डेटाबाबत कोकणात जास्तच जपावं लागतं. नाव काढून टाकलं तरी वाडी, आडनाव आणि वय एवढ्यावर माणूस ओळखता येतो, आणि ‘वाहक’ हा शब्द बाहेर फुटला तर पोरीचं लग्न मोडू शकतं. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, लेखी संमती आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना पाळल्याशिवाय एकही नमुना हातात घेऊ नका. गॅलक्सीसारखे सार्वजनिक सर्व्हर शिकण्यासाठी आहेत, खऱ्या रुग्णांचा डेटा तिथे चढवायचा नाही.

शिक्षण आणि नोकरी

पदव्युत्तर प्रवेशासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) पाठबळावरच्या अभ्यासक्रमांना गॅट-बी, आयआयटींच्या एमएस्सीला जॅम, एमटेकला गेट, अशा परीक्षा आहेत. गेटमध्ये बायोटेक्नॉलॉजी आणि लाइफ सायन्सेसचे पेपर होतेच, २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा पेपरही आला, तो आयटीच्या काठावरच्यांना सोयीचा. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर जवळचं आणि जुनं. पीएचडीकडे जायचं तर नेट ही पात्रता परीक्षा द्या. त्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं.

रायगड जिल्ह्यातच, खारघरला, टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. कर्करोगाच्या जीनोमवर काम करायचं असेल तर पहिलं दार तिथलं ठोठवा. परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि डेरवणचं वालावलकर महाविद्यालय इथे डॉक्टर आहेत, रुग्ण आहेत, प्रश्न आहेत; डेटा हाताळणारे हात कमी. नोकऱ्या बहुतेक मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबादला. फरकांचा अर्थ लावण्याचं काम, ज्याला व्हेरिएंट क्युरेशन म्हणतात, घरून करता येतं, पण पहिली दोन वर्षं लॅबच्या शेजारी बसूनच काढावीत असं आमचं स्पष्ट मत आहे. नमुना कसा खराब होतो ते पडद्यावर दिसत नाही.

माणसाच्या जीनोमपेक्षा हलकं काही हवं असेल तर कोकणातलेच दोन विषय आहेत. दोडामार्गात २०१६ पासून दिसलेला माकडताप, ज्याच्या विषाणूचा जीनोम जेमतेम ११,००० अक्षरांचा, आणि भातखाचरांतून येणारा लेप्टोस्पायरोसिस, ज्याच्या जिवाणूचा सुमारे ४६ लाख अक्षरांचा. सार्वजनिक साठ्यातले क्रम घेऊन त्यांचा वंशवृक्ष ८ जीबीच्या लॅपटॉपवरही बनतो.

काम झालं की गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाका: कोड, टूल्सच्या आवृत्त्या, चालवायची पद्धत आणि तो एक पानी रिपोर्ट. मग ज्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप हवी तिथल्या शास्त्रज्ञाला पंधरा ओळींच्या आत मेल लिहा. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या कुठल्या कामाबद्दल विचारताय ते, पुढच्या तिनांत तुम्ही काय केलं आणि कुठे अडलात ते, मग दुवा आणि कोणत्या तारखांना येऊ शकता. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवू नका, तो ओळखू येतो. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. उन्हाळी सुट्टीतली जागा हवी असेल तर दिवाळीच्या आसपासच मेल करायला लागा; परीक्षा संपल्यावर, आंब्याच्या हंगामात लिहिलेल्या मेलला बहुतेक ठिकाणी जागा भरल्याचं उत्तर येतं.